क्षाराचं पाणी म्हणजे अल्कलाइन पाणी नव्हे

आम्ही गावोगावच्या पाणी तपासणाऱ्या बाया. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, त्यातल्याच आम्ही. हातात एक पेटी असते, पेटीत छोट्या बाटल्या, पट्ट्या आणि रंगांचा तक्ता. हापशावर, टाकीखाली, कुणाच्या ओसरीवर बसून आम्ही पाण्याचे थेंब मोजतो. सुरुवातीला पोरं हसायची, आता बाटल्या धुवायला तीच पुढे असतात.

आज बोलायचंय ते एका शब्दाबद्दल. शब्द आहे क्षार. आमच्या कामात जेवढा घोळ या शब्दाने घातलाय तेवढा दुसऱ्या कशानेच घातलेला नाही.

आपण म्हणतो, 'आमच्या बोरला क्षाराचं पाणी आहे.' म्हणजे काय, तर त्यात मिठासारखं काहीतरी विरघळलेलं आहे, भांड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. शाळेच्या मराठी पुस्तकातही क्षार म्हणजे मिठाच्या जातीचे पदार्थ, आणि आम्लाच्या उलट जे असतं त्याला म्हणतात आम्लारी. पण हिंदीत क्षार म्हणजेच आम्लाच्या उलटा पदार्थ, आणि मिठाच्या जातीला तिथे लवण म्हणतात. त्यामुळे हिंदी जाहिरातीत 'क्षारीय जल' असं आलं की त्याचा अर्थ अल्कलाइन पाणी. आपल्या कानाला मात्र ते क्षाराचं पाणी वाटतं. शब्द एकच, अर्थ दोन, आणि मधल्या फटीतून पैसे जातात.

भीमेच्या दक्षिणेकडच्या एका गावातला बचत गट कर्ज काढून पाण्याचं मशीन घ्यायला निघाला होता. विकायला आलेला माणूस एका दमात दोन गोष्टी सांगत होता. एक, तुमच्या पाण्यात क्षार फार आहेत, ते काढले पाहिजेत. दोन, क्षार काढलेलं साधं आरओचं पाणी आम्लधर्मी होतं, ते हाडं झिजवतं, म्हणून ते परत अल्कलाइन करणारं महागडं मशीन घ्या. बायांनी आम्हाला विचारलं, 'अगं, क्षार काढायचे आणि परत क्षारीय करायचं, म्हणजे काढायचं काय आणि घालायचं काय?' प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर देता देताच आजचं हे बोलणं तयार झालं.

पाण्याची दोन मापं आहेत. ती वेगवेगळी धरायची.

पहिलं माप, पाण्यात एकूण किती विरघळलंय. ते टीडीएस. पेनासारखं छोटं यंत्र पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. खरं तर ते यंत्र क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतं आणि त्यावरून हिशेब लावतं. दुसरं माप सामू, म्हणजे पीएच. पाणी आंबटाकडे झुकलंय की सोड्याकडे, ते हे माप सांगतं. ही मोजपट्टी सोरेनसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली डेन्मार्कमध्ये काढली. सात म्हणजे मधोमध, सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कली. एक घर म्हणजे दहापट. सामू ८ वरून ९ झाला तर फरक एकाचा नाही, दहापटीचा. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात सामू ६.५ ते ८.५ असावा असं लिहिलंय. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा.

या दोन मापांचं एकमेकांशी नातं आहे का? आहे, पण लोकांना वाटतं तसं नाही. किती क्षार आहेत यापेक्षा कोणते क्षार आहेत याला महत्त्व आहे.

हे घरी करून बघता येतं. लाल जास्वंदीची दोन फुलं घ्या, पाकळ्या गरम पाण्यात टाका. पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या, बोरचं नको. का ते पुढे सांगतो. रंग उतरला की ते पाणी चार वाट्यांत ओता. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चमचाभर मीठ टाका, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा, चौथीत तुरटीचा खडा फिरवा. मिठाच्या वाटीचा रंग पहिलीसारखाच राहील. सोड्याची वाटी हिरवट होईल आणि तुरटीची गुलाबी-लाल. मीठ, सोडा, तुरटी हे तिन्ही क्षारच. तिन्ही वाट्यांत पेन बुडवलं तर आकडा वर जाईल, मिठाच्या वाटीत तर सगळ्यात जास्त. आणि रंग नेमका तिथेच हलला नाही.

असं का होतं? प्रत्येक क्षाराला आई-बाप असतात, एक आम्ल आणि एक आम्लारी. दोघांचं लग्न लागलं की क्षार जन्माला येतो. मिठाचे आई-बाप दोघेही सारखेच जबरे आहेत, मिठाचं आम्ल आणि कॉस्टिक सोडा. दोघांचा जोर एकमेकांत जिरला, लेकरू शांत निघालं. खायच्या सोड्याचा बाप मात्र दुबळा. तो म्हणजे कार्बनिक आम्ल, सोडावॉटरमध्ये असतं ते. आई कॉस्टिक, ती जबरी. लेकरू आईवर गेलं, म्हणून पाणी अल्कलीकडे झुकतं. तुरटीचं उलटं. तिचं आम्ल गंधकाचं, जबरं, आणि ॲल्युमिनियमचं आम्लारी दुबळं. म्हणून तुरटी आंबट-तुरट लागते. पापडखार सोड्याच्याच घरातला, पण त्याहून तिखट. धुण्याचा सोडा आणखी पुढचा. शेतात टाकतो ते अमोनियम सल्फेट तुरटीच्या बाजूचं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही. चुना किंवा खार घालून हळदीचं कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे.

आपल्या जिल्ह्याबाहेरचं एक उदाहरण बघा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते. त्याचं पाणी खारं आहे, पण समुद्राएवढं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, लोणारला हल्ली त्याहून बरेच कमी. पण सामू बघायला जाल तर समुद्राचा आठच्या जरासा वर, आणि लोणारचा दहाच्या आसपास. कारण समुद्रात बहुतेक साधं मीठ, तर लोणारात सोड्याच्या जातीचे क्षार. पूर्वी तिथून सोडा काढून विकला जायचा. आणि तिकडे पश्चिम आशियातला मृत समुद्र, समुद्राच्याही आठ-दहापट खारा, त्याचा सामू सहाच्या आसपास, म्हणजे चक्क आम्लाच्या बाजूला. खारटपणा वाढला की पाणी अल्कलाइन होतं असं म्हणणाऱ्याला ही तीन नावं सांगायची.

आता आपल्या पाण्याकडे येऊ.

पाऊस पडतो तेव्हा त्यात जवळपास काहीच क्षार नसतात, आणि हवेतला कर्बवायू विरघळून तो थोडा आंबट असतो, स्वच्छ हवेत सामू ५.६ च्या आसपास. ते पाणी जमिनीत मुरतं. तिथे मुळं आणि किडेमुंग्या श्वास सोडतात, तिथला कर्बवायू पाण्यात आणखी भर घालतो. असं हलकं आंबट पाणी आपल्या काळ्या पाषाणातून वर्षानुवर्षं झिरपतं. पाषाण हळूहळू झिजतो, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतं आणि पाण्याचा आंबटपणा त्या झिजेत खर्ची पडतो. मागे उरतात बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्याच्या जातीचे क्षार. त्यामुळे आमच्या पट्ट्या शिरूरला लावा की दौंडला, बोरच्या पाण्याचा सामू बहुतेक वेळा साडेसात ते साडेआठच्या मध्येच येतो. म्हणजे, बायांनो, पाणी आधीच थोडं अल्कलाइन आहे आणि ते फुकट आहे.

या बायकार्बोनेटचा खरा गुण सामूच्या आकड्यात दिसत नाही. तो बघायला परत जास्वंदीकडे जाऊ. एका ग्लासात आरओचं पाणी घ्या, दुसऱ्यात बोरचं, दोन्हींत जास्वंदीचा रंग सारखाच टाका. बोरचा ग्लास लगेच निळसर-हिरवट दिसू लागेल, म्हणूनच मघाशी बोरचं नको म्हटलं. आता दोन्हींत लिंबू पिळा, पण थेंब थेंब. आरओच्या ग्लासाला एक-दोन थेंब पुरतात, झरकन गुलाबी. बोरच्या ग्लासात पाच थेंब टाका, दहा टाका, ते पाणी लिंबू गिळत राहतं. त्यातले बायकार्बोनेट आंबटपणा आपल्या अंगावर घेतात, त्याचा कर्बवायू करून सोडून देतात. ते संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. आमच्या पेटीत या गुणाची वेगळी चाचणी असते, तिला अल्कलिनिटी म्हणतात. मानकात तिची मर्यादा २०० आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० मिलिग्रॅम. दोन विहिरींचा सामू अगदी सारखा, आठ, पण एकीची अल्कलिनिटी दुसरीच्या दुप्पट, असं आम्हाला कितीदा तरी दिसतं. सामू म्हणजे आज घरात दिसणारी रोकड म्हणा, अल्कलिनिटी म्हणजे बँकेतली ठेव.

हे कळलं की आरओच्या पाण्याचं गूढ उरत नाही. आरओने क्षार काढले, ठेवही गेली. मग हवेतला जरासा कर्बवायू लागला तरी सामू सहा-साडेसहापर्यंत उतरतो. पाणी 'ॲसिड' झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण त्या पाण्यात आम्लाचा साठाच नगण्य आहे. लिंबूपाण्याचा सामू अडीच-तीन असतो, ताकाचा साडेचारच्या आसपास, ते आपण आनंदाने पितो. आपल्या जठरातलं आम्ल दीड-दोन सामूचं. त्यात ग्लासभर अल्कलाइन पाणी गेलं तर काय होणार? रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, पाण्याचं मशीन नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी तर असलं सोड्याचं किंवा क्षार घातलेलं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊच नये.

त्या विकणाऱ्या माणसाचा दुसरा खेळही सांगायला हवा, कारण तो अजून गावोगाव फिरतोय. दोन ग्लास मांडायचे, एकात आपलं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्यांचं यंत्र बुडवून वीज लावायची. आपलं पाणी दोन मिनिटांत गढूळ, हिरवट-तपकिरी, वर घाण फेस. आरओचं स्वच्छ. 'बघा ताई, तुम्ही हे पिता!' बाया तोंडाला पदर लावतात. ती घाण पाण्यातली नसतेच. क्षारामुळे पाण्यातून वीज गेली, कांडीचं लोखंड विरघळलं, त्याचा गंज झाला. आरओच्या पाण्यातून वीज जातच नाही म्हणून ते स्वच्छ राहिलं. आम्ही एवढंच केलं, त्याच्याच आरओच्या ग्लासात घरातलं चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, दादा, आता लावा वीज. तोही ग्लास गढूळ झाला. गटाच्या बायांनी त्या दिवशी कर्जाचा अर्ज भरला नाही.

आरओ वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. काही गावांत टीडीएस पंधराशेच्या वर आहे, तिथे दुसरी सोय होईपर्यंत आरओचं पाणी प्यावंच लागेल. पण घेताना टीडीएस, नायट्रेट, काठिण्य बघून घ्या, 'ॲसिड' आणि 'अल्कलाइन'च्या भीतीने नको. आणि घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते टाकलेलं पाणी मूळच्यापेक्षा खारं असतं, ते परसातल्या एकाच झाडाला रोज घालू नका.

स्वयंपाकघरात तर ही रसायनं रोज चुलीवर असतात. बोरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हरभरा तर दगडच राहतो. तो गुन्हा सामूचा नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो त्याला कॅल्शियम घट्ट बांधून टाकतं. सोडा टाकला की पाणी अल्कलाइन होतं, ती बांधणी सुटते, डाळ शिजते. पण त्याच सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. घरात दोन वेळा डाळ-भाकरीच असेल तर ते नुकसान छोटं नाही. जुन्या बाया डाळीसाठी नदीचं किंवा पावसाचं पाणी वेगळ्या हंड्यात ठेवायच्या, त्याच बरोबर होत्या. तेवढं नाही जमलं तर डाळ रात्रभर भिजवा, आणि डाळीपुरतं आरओचं पाणी घ्या.

पातेल्यातला पांढरा थर हीसुद्धा सामूचीच करामत. पाणी उकळलं की कर्बवायू उडून जातो, सामू वर चढतो, आणि बायकार्बोनेटचं रूपांतर चुनखडीत होऊन ती तळाशी बसते. म्हणजे उकळून गार केलेलं पाणी थोडं कमी जड होतं. तो थर पोटात गेला तर मुतखडा होतो अशी भीती सगळ्यांना वाटते. पातेल्यातली चुनखडी आणि पोटातला खडा यांचा असा सरळ संबंध नाही. खडे बहुतेक ऑक्झलेटचे असतात आणि त्यांचं मोठं कारण म्हणजे उन्हाळ्यात शेतात काम करताना पाणी कमी पिणं. थर काढायला तारेने खरवडू नका. लिंबाची सालं टाकून पाणी उकळा.

आता ग्रामपंचायतीच्या टाकीचं. टाकीत टीसीएल पावडर टाकतात ते जंतू मारायला. पण टीसीएलचा खरा मारक हिस्सा पाण्याच्या सामूवर ठरतो. साडेसात सामूला क्लोरीनचा निम्मा हिस्सा मारक रूपात असतो, साडेआठला जेमतेम दहावा. पावडर तितकीच टाकली, ओटी टेस्टला पिवळा रंगही आला, तरी जंतू मरायला वेळ जास्त लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सामू आठच्या खाली असेल तर किमान अर्धा तास पाणी थांबवा. आपल्या बऱ्याच टाक्या आठच्या वर आहेत. म्हणून टाकीत पावडर टाकल्यावर लगेच नळ सोडू नका, तासभर तरी थांबा, असं आम्ही पाणी सोडणाऱ्या दादांना सांगतो. सगळेच ऐकतात असं नाही. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की ऐकतात.

पावसाळ्यात तुरटीही निघते. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, तिथून खाली नदीचं पाणी लालभडक आणि वर पुण्याचं सांडपाणी. अशा पाण्यात तुरटी फिरवली की कापसासारखे पुंजके होऊन गाळ खाली बसतो. हे पुंजके होतात ते पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळेच. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. ठेव भरपूर असल्यामुळे आपलं पाणी आंबट होत नाही. पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात मात्र तुरटी फिरवू नका. तिथे ठेवच नाही, पुंजके नीट होत नाहीत आणि पाणी तुरट-आंबट होतं. पावसाचं पाणी गाळून, उकळून घ्या. आणि तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

शेतीबद्दल थोडं जास्त बोलणार आहोत, कारण सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, रान आपणच बघतो. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला चासकमान आणि घोड. ऊस आला, पैसा आला, आणि सखल रानांत पाणी तुंबून जमिनी बिघडल्या. यात नवीन काही नाही. शेजारच्या नीरा खोऱ्यातल्या बिघडलेल्या जमिनींचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारासच केला होता, कालव्याचं पाणी येऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

बिघडलेली जमीन दोन जातींची, आणि इथे परत तेच, किती क्षार आणि कोणते क्षार. एक खारवट. उन्हाळ्यात वर पांढरी बुरशी आल्यासारखा थर, पण माती भुसभुशीत. माती परीक्षणाच्या कागदावर विद्युत वाहकता चारच्या वर, सामू साडेआठच्या खाली. दुसरी चोपण. ओली झाली की लोण्यासारखी चिकट, वाळली की दगड, पाणी दिवसेंदिवस वर उभं. तिच्यात एकूण क्षार कमीही असतील, पण सोडियम मातीला चिकटलेलं, आणि सामू साडेआठच्या वर, नऊ, साडेनऊ. खारवट जमिनीला चर काढून गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय, तिथे जिप्समच्या गोण्या म्हणजे पैसे मातीत. चोपणीला मात्र जिप्सम लागतंच, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हाकलून त्याची जागा घेतं. आणि तिसरी, दोन्ही खोडी असलेली जमीन, तिच्यात तर मोठी गंमत आहे. तिच्यातलं साधं मीठ पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं आणि सामू उतरायच्या ऐवजी वर चढतो! मीठ होतं तोवर माती मोकळी राहत होती. ते गेलं, सोडियम मागे राहिलं, जमीन चोपण झाली. तिथे आधी जिप्सम, मग धुणं, हा क्रम. दुकानदार विचारत नाही कोणती जमीन. आपण कागद वाचायचा. सामू आणि ईसी हे पहिलेच दोन आकडे असतात.

ठिबकच्या नळ्यांत चुनखडी बसते तेव्हा ॲसिड सोडतात. किती सोडायचं ते सामूवरून नाही, अल्कलिनिटीवरून ठरतं. शेजारणीच्या विहिरीला लागलं तेवढंच आपल्याला लागेल असं नाही. बादलीभर पाण्यात थोडं थोडं घालून सामू किती उतरतो ते आधी बघा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. हातमोजे, चष्मा, आणि पोरं लांब. फवारणीचं पाणीही असंच. काही कीटकनाशकं अल्कलाइन पाण्यात तासाभरात ताकद गमावू लागतात, म्हणून टाकीत कालवून जेवायला जाऊ नका, कालवलं की मारून टाका. ग्लायफोसेटसारखं तणनाशक जड पाण्यात नीट लागत नाही, कारण कॅल्शियम त्याला धरून बसतं. तिथे औषधाचा डोस वाढवून फायदा नाही, पाणी बदला.

आणि शेवटी सामू काय सांगत नाही ते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. खतं, गोठे, शोषखड्डे यांतून ते विहिरीत उतरतं, बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याने धोका असतो, बाळ निळं पडतं. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. सामू तेव्हाही आठच असतो, अगदी शहाण्यासारखा. जंतूंचंही तसंच. कारखानदारीच्या पट्ट्यात पाण्याला वास किंवा रंग आला आणि पट्टीवर सामू बरोबर आला, तरी ते पाणी पिऊ नका. ते आमच्या पेटीचं काम नाही, नमुना प्रयोगशाळेतच गेला पाहिजे.

नमुना आणताना एवढं करा. बाटली साबणाने धुऊ नका, साबण सामू वर नेतो. त्याच पाण्याने तीनदा विसळा. बोर पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग बाटली काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. बोरच्या पाण्यात कोंडलेला कर्बवायू असतो, तो उडाला की सामू आपोआप वर जातो. सकाळी सव्वासात आलेलं पाणी दुपारी आठ दाखवतं, मग भांडण आमच्याशी. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते, ती आमच्याकडून न्या. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आगेमागे एकदा, असे दोनदा नमुने द्या, कारण त्याच विहिरीचं उन्हाळ्यातलं आणि पावसानंतरचं पाणी सारखं नसतं. या महिन्याच्या बाटल्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवल्या आहेत, त्या रिकाम्याच पडून आहेत, तेवढ्या घेऊन जा.